किती लवकर आणि किती वेळ? : लहान मुलांच्या शब्दशिक्षणाचा आढावा

नागपूरहून निघालेला रस्ता सावनेरला फुटतो. एक फाटा सौंसरमार्गे छिंदवाड्याला जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून बैतूलला. दोन्ही फाटे थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द ओलांडतात, पण भाषा त्या हद्दीवर बदलत नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या घराघरांत मराठी चालते आणि सावनेरच्या बाजारात हिंदी. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच प्रांतात होता आणि नागपूर त्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्याकडे आले, सौंसरचा भाग मध्य प्रदेशात राहिला. त्यात परिसरातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणींमुळे उत्तरेकडची कुटुंबे इथे येऊन राहिली आणि कामगार वसाहतींतून हिंदी रोजच्या वापराची झाली.

अशा गावात जन्मलेल्या मुलाच्या कानावर काय पडते? आजी ‘सांभार’ म्हणते, भाजीवाला ‘धनिया’ म्हणतो आणि शाळेच्या पुस्तकात ‘कोथिंबीर’ येते. घरी आलू, पुस्तकात बटाटा. आई शेजारणीला सांगते, ‘पोट्टं जेवून राहिलं’. बाई वर्गात म्हणतात, ‘मुलगा जेवत आहे’. विदर्भातल्या या ‘करून राहिलो’ धाटणीच्या क्रियापदांत हिंदीची सावली आहे. मध्य भारतातल्या मराठी-हिंदी संपर्काचा अभ्यास राजेश्वरी पंढरीपांडे यांनी तपशिलाने केला आहे. म्हणजे इथल्या मुलाची ‘मातृभाषा’ आधीच दोन भाषांच्या शेजारातून घडलेली असते. त्यावर मोबाइलमधली इंग्रजी बालगीते येतात, आणि मग शाळा.

याच सावनेरात २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी वारले. त्यांचा जन्म १८८५ चा, गुजरातेतला, आणि बालपणही गुजराती मुलखात गेले. पुढे त्यांच्याइतकी शब्दांची उधळण करणारा नाटककार मराठीत क्वचितच झाला. एका प्रतिभावंताच्या उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. तरीही मूल कोणत्या वयात कोणत्या भाषेचे शब्द किती सहज आपलेसे करते, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, याची आठवण हे उदाहरण करून देते.

हा प्रश्न महाराष्ट्रात २०२५ साली थेट रस्त्यावर आला. पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, यावर घराघरांत वाद झाला. दोन्ही बाजूंनी ‘लहान वयात मुले भाषा पटकन शिकतात’ आणि ‘लहान वयात मुलांवर ओझे पडते’ ही विधाने वारंवार झाली. दोन्ही विधानांमागे काही संशोधन आहे. ते नेमके काय सांगते, कुठे थांबते आणि कुठे ते संशोधकच एकमेकांना खोडून काढतात, याचा हा आढावा.

रोजनिशीपासून प्रयोगशाळेपर्यंत

मुलांच्या शब्दांची पद्धतशीर नोंद ठेवण्याची सुरुवात आईबापांच्या रोजनिश्यांतून झाली. चार्ल्स डार्विनने आपल्या मुलाच्या वाढीची टिपणे १८७७ मध्ये छापली. फ्रेंच अभ्यासक झ्यूल रोंझाने १९१३ मध्ये आपल्या मुलाचा वृत्तान्त लिहिला. बाप फ्रेंच बोले, आई जर्मन, आणि ‘एक माणूस, एक भाषा’ हा नियम त्या घराने पाळला. वेर्नर लिओपोल्डने अमेरिकेत आपल्या हिल्डेगार्ड या मुलीच्या जर्मन-इंग्रजीची नोंद चार खंडांत केली. ते १९३९ ते १९४९ या काळात निघाले. हे सगळे विद्वानांच्या, सुस्थित घरांतले दाखले होते.

मराठीचा वाटा या इतिहासात लवकर आणि मोलाचा आहे. अशोक रा. केळकर यांनी मराठीतल्या बाळबोलीवरचा निबंध १९६४ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली आणि त्या सहांत मराठी होती. भू-भू, माऊ, हम्मा, काऊ, चिऊ, दुदू, मम्मं, जोजो, भुर्र हे शब्द मोठी माणसे मुलांसाठी वापरतात. त्यांत ओठांचे आवाज जास्त, जोडाक्षरे जवळपास नाहीत आणि एकच उच्चारखंड दोनदा येतो. जगभरच्या बाळबोलींत हीच ठेवण दिसते, हे फर्ग्युसन यांच्या तुलनेतून पुढे आले. मूल ‘कुत्रा’ हा शब्द उच्चारू शकत नाही तेव्हा समाजाने त्याच्यासाठी ‘भू-भू’ची पायरी आधीच बांधून ठेवलेली असते. ही पायरी मुलाला पुढे नेते की मागे ठेवते, यावर पूर्वी बरीच शंका घेतली जाई. आता संशोधकांचा कल तिला उपयोगी मानण्याकडे आहे.

पहिले वर्ष : बोलण्याआधीचे शिकणे

गेल्या पन्नास वर्षांत सर्वांत भक्कम निष्कर्ष पहिल्या वर्षाबद्दल निघाले. दोन दिवसांचे बाळ आईच्या भाषेचा सूर परक्या भाषेपेक्षा जास्त वेळ ऐकते, हे क्रिस्टिन मून आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले. आई गरोदरपणी दोन भाषा बोलत असेल, तर नवजात बाळाला दोन्हींत रस असतो आणि तरीही त्या दोन वेगळ्या आहेत हे त्याला कळते, असे २०१० मध्ये व्हँकूव्हरला इंग्रजी-तागालोग बोलणाऱ्या आयांच्या बाळांवर झालेल्या प्रयोगात आढळले.

याहून महत्त्वाचा प्रयोग आपल्या वर्णमालेशी जोडलेला आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी तो ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो जमला. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांनाही हा भेद ऐकू येताना अडचण येते. हिंदी ऐकत वाढणारी बाळे मात्र वर्षाच्या शेवटीही तो सहज ओळखत होती. याचा अर्थ असा, की मूल पहिला शब्द उच्चारण्याआधीच आपल्या भाषेचे आवाज निवडून ठेवते आणि न लागणाऱ्यांकडे दुर्लक्ष करू लागते. सावनेरच्या बाळाच्या कानावर मराठी आणि हिंदी दोन्ही पडतात. या दोन भाषांचे बरेचसे आवाज सारखे असल्यामुळे तिथे हरवण्यासारखे थोडे आहे. इंग्रजीचे काही स्वर मात्र या वयात ऐकू आले नाहीत, तर पुढे कष्टाने साधावे लागतात.

आवाजांबरोबर शब्दही येऊ लागतात. आठ महिन्यांची बाळे फक्त दोन मिनिटे सलग आवाज ऐकून कोणते उच्चारखंड एकमेकांसोबत वारंवार येतात हे ओळखतात, हे जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सिद्ध केले. बोलताना आपण शब्दांमध्ये थांबत नाही. तरी मूल सलग बोलण्यातून शब्द सुटे कसे करते, या कोड्याचे ते एक उत्तर होते. आणि सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना खाण्याच्या वस्तू आणि शरीराचे अवयव यांची काही नावे समजतात, असे एलिका बर्गेल्सन आणि डॅनियल स्विंग्ली यांनी २०१२ मध्ये दाखवले. ‘नाक कुठंय?’ म्हटल्यावर बाळ नाकाकडे बोट नेते ती गंमत घरात जरा उशिरा दिसते. कळणे त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते.

इथे एक अट आहे आणि ती आजच्या पालकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी ऐकवली. बारा बैठकांत समोर बसून खेळणाऱ्या, पुस्तक दाखवणाऱ्या माणसाकडून ज्यांनी चिनी ऐकली, त्या बाळांनी चिनी आवाजांतले भेद पकडले. तेच बोलणे पडद्यावर किंवा नुसते ध्वनिमुद्रणातून ऐकलेल्यांना काहीही साधले नाही. ज्युडी डिलोश यांनी २०१० मध्ये शब्द शिकवणाऱ्या लोकप्रिय चित्रफिती महिनाभर पाहणारी बारा ते अठरा महिन्यांची मुले तपासली. न पाहणाऱ्यांपेक्षा ती पुढे नव्हती. चित्रफितीशिवाय आईबापांनी रोजच्या व्यवहारात शिकवलेल्या मुलांची प्रगती सर्वांत चांगली होती. मात्र दोन-अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस खरोखर प्रतिसाद देत असेल तर नवे शब्द शिकतात, असे २०१४ च्या एका अभ्यासात आढळले. परदेशातल्या नातवंडांशी कॉलवर बोलणाऱ्या आजी-आजोबांचा वेळ वाया जात नाही, हे त्यातून कळते. फरक पडद्याचा नसून उत्तर देणाऱ्या माणसाचा आहे.

एक ते पाच : मुलाला परका शब्द असतो का?

साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो आणि दीड वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलांकडे पन्नासेक शब्द असतात. मुलामुलांत फरक प्रचंड असतो, म्हणून हे आकडे शेजारच्या घराशी तुलना करायला वापरू नयेत.

आधी नामे येतात की क्रियापदे, हा जुना वाद आहे. डेड्रे गेंटनर यांनी १९८२ मध्ये नामे सगळीकडे आधी येतात, असे मांडले. त्याला ट्विला टार्डिफ यांनी १९९६ मध्ये चिनी मुलांच्या नोंदींवरून आव्हान दिले. ती मुले क्रियापदे भरपूर वापरत होती. मराठी घराकडे पाहिले तर हा वाद समजायला सोपा जातो. ‘आण’, ‘ठेव’, ‘दे इकडं’, ‘बस’, ‘नको’ अशी एका क्रियापदाची वाक्ये आपण दिवसभर बोलतो. नाम गाळले तरी चालते आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी ठळक ऐकू येते. अशा भाषेत वाढणारे मूल ‘दे’ आणि ‘नको’ लवकर बोलले, तर त्यात नवल नाही.

दोन भाषांच्या घरातले मूल शब्द कसे साठवते? वोल्टेरा आणि टेशनर यांनी १९७८ मध्ये रोममधल्या जर्मन-इटालियन बोलणाऱ्या दोन बहिणींवरून असे मांडले, की सुरुवातीला मुलाचा शब्दसाठा एकच असतो, मग तो दुभंगतो. पुढच्या काळात हे मत मागे पडले. फ्रेड जेनेसी यांनी १९८९ मध्ये त्या पुराव्याची फेरतपासणी केली. मायामीत स्पॅनिश-इंग्रजी मुलांचा अभ्यास करणाऱ्या बार्बरा पिअरसन यांना असे आढळले, की साधारण तीस टक्के शब्दांना मुलाकडे दुसऱ्या भाषेतला जोडशब्द असतो. साठा एकच असता, तर मुलाने एका वस्तूला दोन नावे इतक्या सहज ठेवली नसती. पिअरसन यांचा दुसरा मुद्दा शिक्षकांना रोज उपयोगी पडेल असा आहे. द्विभाषिक मुलाचे शब्द एकाच भाषेत मोजले तर ते मागे दिसते. दोन्ही भाषांतल्या कल्पना एकत्र मोजल्या तर ते एकभाषिक मुलाच्या बरोबरीने असते. कोळसा वसाहतीतले एखादे मूल ‘कोथिंबीर’ ओळखत नाही म्हणून ते मठ्ठ ठरत नाही. त्याला ‘धनिया’ ठाऊक असतो.

याला जोडूनच एक सूक्ष्म प्रयोग आहे. एलन मार्कमन यांनी १९८८ मध्ये दाखवले, की नवा शब्द ऐकला की लहान मुले तो नाव माहीत नसलेल्या वस्तूला लावतात. एका वस्तूला एकच नाव, असे ती धरून चालतात. क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन आणि वर्कर यांनी २००९ मध्ये सतरा-अठरा महिन्यांच्या मुलांत हे तपासले. एकभाषिक मुलांत ही प्रवृत्ती स्पष्ट होती, द्विभाषिकांत कमी आणि त्रिभाषिकांत जवळजवळ नव्हती. सांभार, धनिया, कोथिंबीर ही एकाच जुडीची तीन नावे ऐकत वाढणारे मूल त्या तिसऱ्या गटातले म्हणावे लागेल. त्याने एका वस्तूला अनेक नावे असतात हे दीड वर्षातच मान्य केलेले असते.

म्हणून ‘आपला’ आणि ‘परका’ शब्द हा भेद मोठ्यांचा आहे. चावी, पाव हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले, कागद आणि दरवाजा फारसीतून, बस आणि मोबाइल इंग्रजीतून. दोन वर्षांच्या मुलाला यांतला एकही परका वाटत नाही. शब्द त्याच्यासाठी परका तेव्हाच असतो, जेव्हा तो त्याच्या जगात कुणी वापरत नाही.

नवा शब्द मुले किती पटकन पकडतात यावरही मत बदलले आहे. कॅरी आणि बार्टलेट यांनी १९७८ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर एका रंगासाठी अनोळखी शब्द सहज बोलता बोलता वापरला आणि काही मुलांना तो नंतरही अंधुक आठवत होता. यावरून ‘मूल एकदा ऐकून शब्द शिकते’ असा समज पसरला. हॉर्स्ट आणि सॅम्युएल्सन यांनी २००८ मध्ये दोन वर्षांची मुले तपासली: ती योग्य वस्तू लगेच निवडत, पण पाच मिनिटांनी बहुतेकांना नाव आठवत नसे. पकडणे जलद असते. टिकणे पुनरावृत्तीवर, आणि पुन्हा पुन्हा नव्या प्रसंगात तो शब्द भेटण्यावर अवलंबून असते.

वयाचा वाद

आता कळीचा प्रश्न. भाषा शिकण्याचे वय संपते का?

एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये मांडले, की मेंदूची भाषेची दारे साधारण पौगंडावस्थेपर्यंत उघडी असतात. जॅकलिन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयांत अमेरिकेत आलेल्या ४६ चिनी आणि कोरियन भाषकांचे इंग्रजी व्याकरण तपासले. सात वर्षांआधी आलेले मूळ इंग्रजी भाषकांइतके अचूक निघाले. त्यानंतर आगमनाचे वय वाढले तसे गुण उतरत गेले. २०१८ मध्ये हार्ट्सहॉर्न, टेनेनबॉम आणि पिंकर यांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंटरनेटवरील चाचणीवरून सांगितले, की व्याकरण शिकण्याची क्षमता सतराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत टिकते आणि मग घसरते. ही मुदत पूर्वी वाटे त्याहून बरीच लांब आहे. त्या विदेची फेरमांडणी करणाऱ्या डच संशोधकांनी २०२२ मध्ये असा आक्षेप घेतला, की सगळ्या गटांना एकच वळणबिंदू लागू होत नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच ठोस आहे. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागल-हूले यांनी १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा वर्षभर पाठपुरावा केला. सर्वांत वेगाने बारा ते पंधरा वर्षांची मुले शिकली; तीन ते पाच वर्षांची सर्वांत मागे होती. स्पेनमध्ये परदेशी भाषा सुरू करण्याचे वय कमी केले तेव्हा कार्मेन मुन्योस यांच्या बार्सिलोना प्रकल्पाने आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू करणाऱ्या मुलांची तुलना केली. सारखेच तास शिकवल्यावर उशिरा सुरू केलेली मुले पुढे होती. स्वित्झर्लंडमध्ये सिमोन फेनिंगर आणि डेव्हिड सिंगलटन यांच्या निष्कर्षांचा रोख असाच आहे.

हे दोन पुरावे एकमेकांविरुद्ध वाटतात, पण ते वेगवेगळ्या परिस्थितींचे आहेत. अमेरिकेत आलेले कोरियन मूल सकाळपासून रात्रीपर्यंत इंग्रजीत वावरते. शेजारी, मैदान, दुकान, दूरदर्शन, सगळे इंग्रजी. बार्सिलोनातले मूल आठवड्याला काही तास इंग्रजीच्या वर्गात बसते. लहान मुले भाषा आपोआप, सावकाश, प्रचंड मात्रेवर शिकतात. मोठी मुले आणि प्रौढ समजून, तुलना करून, थोड्या मात्रेवरही शिकतात. तास कमी असतील तर समजून शिकणारा पुढे जातो. उच्चार आणि व्याकरणाची अखेरची अचूकता यांत मात्र लहानपणाचा फायदा टिकतो, जर भाषा दिवसभर कानावर असेल तर. या आढाव्यातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच, आणि सार्वजनिक चर्चेत नेमका तोच हरवतो.

महाराष्ट्राला हे लावून पाहावे. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे अपेक्षित आहे. एखाद्या भाषेला रोज ३५ मिनिटांची एक तासिका मिळाली तर वर्षाचे सुमारे ११७ तास होतात. मूल दिवसाचे बारा तास जागे असते असे धरले, तर वर्षभरात ते ४,३८० तास जागे असते. दिवसभर भाषेत बुडालेल्या मुलांवरचे निष्कर्ष ११७ तासांच्या वर्गाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

लहान वयात शिकलेले टिकते का, हाही प्रश्न आहे. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्यांना मोठेपणी कोरियनची काहीच ओळख उरली नव्हती, असे क्रिस्तोफ पालिए यांना २००३ मध्ये आढळले. पण नेदरलँड्समध्ये दत्तक गेलेल्यांनी प्रौढपणी कोरियन आवाज पुन्हा शिकायला घेतले तेव्हा ते इतरांपेक्षा लवकर शिकले, असे २०१७ चा अभ्यास सांगतो. वापर थांबला की भाषा जाते. तिचा माग मात्र कुठेतरी राहतो.

शाळा आणि महाराष्ट्राचे निर्णय

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण ही भूमिका इथे जुनी आहे आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा सावनेरपासून फार लांब नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि त्यानंतरच्या झाकिर हुसेन समितीतून नई तालीम ही शिक्षणयोजना उभी राहिली; मातृभाषेचे माध्यम हा तिचा एक पाया होता. १९५६ मध्ये राज्यघटनेत आलेल्या कलम ३५० अ ने अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याची सोय राज्यांनी करावी असे सांगितले. युनेस्कोचा १९५३ चा अहवाल आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यांचा कलही तोच आहे. यामागचा शैक्षणिक युक्तिवाद जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाअखेरीस मांडला: पहिल्या भाषेत पक्क्या झालेल्या कल्पना आणि वाचनकौशल्य दुसऱ्या भाषेत वाहून नेता येतात.

विरुद्ध बाजूचा आग्रहही इथलाच आणि तितकाच प्रामाणिक आहे. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजी शिकण्याचे आवाहन आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ज्ञान नाकारले गेले, त्यांच्यासाठी इंग्रजी हा वर येण्याचा मार्ग आहे आणि तो फक्त शहरी, सुस्थित मुलांना खुला असू नये, अशी ही भूमिका. विदर्भातल्या कितीतरी कुटुंबांनी ती जगून दाखवली आहे. पश्चिम बंगालने १९८० च्या दशकात सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढले आणि पुढे ते परत आणले. त्या पिढीच्या पुढच्या कमाईवर विपरीत परिणाम झाल्याचे काही अर्थशास्त्रज्ञांनी मांडले आहे.

महाराष्ट्राने २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. पुढे सेमी इंग्रजीचे वर्ग वाढले, ज्यात गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून असतात. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी अनिवार्य झाली. मग १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली. १७ जूनला ‘अनिवार्य’ऐवजी ‘सर्वसाधारणपणे’ आले. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस विद्यार्थ्यांची अट ठेवली गेली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

या वादात बालभाषेच्या अंगाने दोन मुद्दे आले. लिपी एकच आहे आणि कितीतरी शब्द सामाईक आहेत, तेव्हा मराठी मुलाला हिंदी जड जाणार नाही, हा एक. नाक, कान, दूध, हात-हाथ, पाणी-पानी असे जवळचे शब्द द्विभाषिक मुले लवकर शिकतात, याला आधार आहे. सहा वर्षांच्या मुलाची वाचनाची पहिलीच भाषा अजून पक्की झालेली नसते आणि जवळच्या दोन भाषांचे ऱ्हस्व-दीर्घ, लिंग, प्रत्यय एकमेकांत मिसळतात, हा दुसरा. ‘शिक्षा’ मराठीत दंड आहे आणि हिंदीत शिक्षण. आठवीचे मूल यावर हसते, पहिलीचे गोंधळते. दोन्ही मुद्द्यांना निरीक्षणाचा आधार आहे. सावनेर आणि सिंधुदुर्ग यांना मात्र ते सारखे लागू पडत नाहीत. सावनेरच्या मुलाच्या कानावर हिंदी शाळेआधीच असते. सिंधुदुर्गातल्या गावात तिची मात्रा कितीतरी कमी असते. तासांचा हिशेब दोन्ही जिल्ह्यांत वेगळा निघतो, तर धोरणाचे उत्तर एकच कसे असेल, हा प्रश्न चर्चेत फारसा आला नाही.

मातृभाषा कोणती?

मातृभाषेच्या बाजूचा सर्वांत कच्चा दुवा इथे आहे. शाळेतली प्रमाण मराठी ही कितीतरी मुलांची मातृभाषा नसते. आता पालघर जिल्ह्यात असलेल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये २०१३ पासून तीन वर्षे चाललेल्या वाचनलेखन संशोधनात असे दिसले, की पहिली-दुसरीत सारा भर अक्षरओळखीवर जातो आणि शब्दांच्या अर्थाला, मुलाच्या बोलीला जागा कमी मिळते. डहाणूजवळ बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडी उभी केली तेव्हा मुलाच्या अंगणातून, त्याच्या बोलीतून सुरुवात करण्याचा आग्रह त्यांनी धरला होता. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तीही याच निकडीतून. ओडिशात अजित मोहंती यांच्या अभ्यासात कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी कंध मुले भाषेविषयीच्या जाणिवेच्या चाचण्यांत फक्त ओडिया बोलणाऱ्यांच्या पुढे निघाली. तिथे २००६ नंतर आदिवासी भाषांतून बहुभाषिक शिक्षणही सुरू झाले.

सगळीकडे हा मार्ग टिकला असे नाही. फिलिपिन्सने २००९ मध्ये पहिल्या इयत्तांत मातृभाषा माध्यम आणले आणि २०२४ च्या कायद्याने त्याची सक्ती काढली; पुस्तके आणि प्रशिक्षित शिक्षक पुरेसे नव्हते, हे त्याचे मोठे कारण होते. तत्त्व बरोबर असून अंमलबजावणीत ते हरू शकते, हे महाराष्ट्रानेही लक्षात ठेवले पाहिजे.

अनिर्णित ते काय

दोन भाषा आल्याने मुलाचे लक्ष आणि विचारशक्ती वाढते, हा एलेन बिअलिस्टोक यांचा दावा एकेकाळी सर्वमान्य झाला होता. गेल्या दशकात त्यावर गंभीर शंका आल्या. अनुकूल निकालच जास्त छापले गेले, असाही आक्षेप आहे. तो दावा आज कुणाच्याही बाजूने पुरावा म्हणून वापरणे योग्य नाही. गरीब घरांतली मुले चार वर्षांची होईतो तीन कोटी शब्द कमी ऐकतात, हा हार्ट आणि रिस्ली यांचा १९९५ चा आकडाही २०१९ च्या फेरतपासणीत डळमळला. एकत्र कुटुंबात, अंगणात, काकू-आजींच्या बोलण्यात मूल जे ऐकते, ते मोजायचे की नाही यावर तो आकडा फिरतो, आणि भारतात तर तेच सर्वांत जास्त असते.

वर्गातली परकी भाषा कानावर पडण्याची किमान मात्रा किती असावी, दुसरी भाषा कोणत्या इयत्तेत वाचायला लावावी आणि कोणत्या इयत्तेपर्यंत फक्त ऐकू-बोलू द्यावी, बोलीकडून प्रमाणभाषेकडे मुलाला न दुखवता कसे न्यावे, हे प्रश्न उघडे आहेत. त्यांची उत्तरे व्हँकूव्हर आणि बार्सिलोनाच्या मुलांवरून मिळणार नाहीत. सावनेरसारखी गावे, जिथे एक बोली, एक प्रमाणभाषा, एक शेजारभाषा आणि एक दूरची भाषा एकाच मुलाच्या कानावर येतात, अशा संशोधनासाठी जगात सहज सापडणार नाहीत.

अंगणवाडी सेविका दर महिन्याला मुलाचे वजन आणि उंची नोंदवते. त्या नोंदीत मुलाला कोणते शब्द कळतात आणि कोणते ते बोलते, कोणत्या भाषेत आणि कुणाशी, एवढी एक भर घालणे अवघड नाही. नागपूरच्या विद्यापीठीय भाषाविभागांनी, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने आणि अंगणवाड्यांनी मिळून सावनेर, कळमेश्वर, सौंसर आणि पांढुर्णा इथे अशी नोंद सुरू करावी, आणि सरकारने पहिलीच्या भाषांबद्दलचा पुढचा निर्णय घेण्यापूर्वी ती मागवून घ्यावी.